पुढचं चाक

मामा, वर्षभरात पहिल्यांदाच तुला पाठीवर आडवं झोपलेलं पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आई ओटीवर रडत होती, मामीभोवती बायका बसल्या होत्या, आणि मी दारात उभी राहून तुझ्या छातीकडे बघत होते. गेलं वर्षभर ती भात्यासारखी वरखाली व्हायची. दोन उशा, त्यांवर घडी केलेली गोधडी, तिच्यावर आणखी एक उशी, असं टेकून तू बसल्या बसल्या डोळे मिटायचास. एक श्वास घेऊन झाला की पुढच्याची तयारी. तुझ्याशी बोलताना मी नकळत माझाही श्वास मोजत बसायची. त्या सकाळी डोक्याखाली एकच पातळ उशी होती आणि छाती स्वस्थ होती. मनात आलं, चला, मामाला एकदाची पाठ टेकता आली. रडू नंतर आलं. क्रम असा होता, म्हणून तसाच लिहिते.

तू किती होड्या बांधल्यास, मोऱ्यापासून करंज्यापर्यंत कोणाकोणाच्या, हे लोक दहा दिवस बोलत होते. ते तुला माहीत आहे. मी लिहिते ते दुसरंच. नऊ वर्षांपूर्वी, तेरा वर्षांची असताना, मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले. एकाच शब्दाचं. तो शब्द तुझ्यापुढे परत घ्यायचा राहून गेला, आणि तू गेल्यावर मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटत होती.

आधी ती पिशवी. मी अकरा वर्षांची होते. मुंबईत आमच्या कॉन्व्हेंटच्या जत्रेत चिठ्ठी उचलली की बक्षीस मिळायचं. माझ्या चिठ्ठीला प्लॅस्टिकची एक पिशवी आली. आत काड्यांच्या चौकटीला चिकटलेले बारीक बारीक तुकडे, आणि वर विमानाचं चित्र. सिस्टर म्हणाल्या, ही मुलांची वस्तू आहे, बाहुली देऊ का बदलून? मला बाहुली हवी होती. पण 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. मागे मुलींची रांग होती. मी मान खाली घालून पिशवी घेतली आणि निघाले. माझ्या न बोलण्याने मला आयुष्यात काही मिळवून दिलं असेल, तर ते एवढंच.

रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आम्ही मोऱ्याला तुझ्याकडे आलो. ओहोटी होती, लाँच लांबच थांबली, छोट्या होडीने चिखलापर्यंत आणि पुढे चपला हातात घेऊन. तू एका अर्ध्या होडीच्या पोटाखाली बसून वाकसाने लाकूड तासत होतास.

"काय आनलंस गो, बाय?"

"विमान."

"मोरलेला?"

"नाही. जोडायचं असतं."

वाकस तू तिथेच टाकलास. घरात जाऊन मामीची परात घेतलीस आणि सगळे तुकडे तिच्यात ओतलेस.

"अवो, पीठ मलाची परात हाय ती!" मामी ओरडली.

"मंग आज भात कर," तू म्हणालास.

एकेक तुकडा उचलून तू ओळीने मांडलास. ही पाठ, ह्या बरगड्या, ह्यो सुकानू. मी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? तू हसलास. "शिकवाचा काय त्याच्यात? होरीच हाय ही. खाली पान्याच्या जागी वारा, येवराच फरक." तू होडीला होरी म्हणायचास. शाळेत मी चुकून एकदा तसं म्हटलं होतं आणि वर्गभर हसं झालं होतं. तुझ्या तोंडी तो शब्द चुकीचा कधीच वाटला नाही.

मग पिशवीतला कागद निघाला. चित्रं, आकडे, आणि शेजारी बारीक इंग्रजी. तो तू माझ्या हातात दिलास. "आदी विंग्रजीत वाच. मंग आपल्यात सांग."

मी वाचलं. तुला ऐकू आलं नाही, कारण पलीकडे माणसं होडीच्या फळ्यांमधे कापूस ठोकत होती.

"मोठ्यानं. पार नाखवाला ऐकू गेला पायजे."

नाखवा म्हणजे करावे गावचा धाकू नाखवा, ज्याची ती होडी होती. तो तिकडे उन्हात विडी ओढत बसला होता. मी पुन्हा वाचलं, ओरडूनच. नाखवाने लांबून हात वर केला. माझ्या प्रगतिपुस्तकात दर सहामाहीला 'फार हळू बोलते' असा शेरा असायचा. तो लिहिणाऱ्या सिस्टरांनी मला मोऱ्याच्या किनाऱ्यावर ऐकायला हवं होतं.

रंगावरून आपलं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. कागदावर करडा रंग सांगितला होता. तुझ्याकडे होडीचे डबे होते, हिरवा, लाल, पिवळा. तू बाहेरून हिरवा दिलास, पोटाला लाल, आणि मधून पिवळी पट्टी.

"मामा, ते लढाऊ विमान आहे. ते दिसू नये म्हणून करडं असतं."

"दिसला नाय तर घरच्यांना कलंल कसा, कोन आला?"

 जगातल्या कुठल्याही हवाई दलाकडे तसलं विमान नव्हतं.

शेवटी राहिली वैमानिकाच्या डोक्यावरची ती पारदर्शक टोपी. ती तू माझ्यापुढे धरलीस. "तू लाव." मी म्हटलं, मला नाही येत, मी बिघडवीन. "तुझा हाय. तूच लाव." मी बिघडवलंच. अंगठ्याला लागलेला डिंक काचेवर उमटला, आणि त्या वैमानिकाला कायमचा माझ्या अंगठ्यामधून बाहेर बघावं लागलं. मी पुसायला गेले तर तू हात धरलास.

पुढची तीन तू स्वतः आणलीस. लाकूड नाहीतर खिळे घ्यायला मुंबईला आलास की फोर्टातल्या एका दुकानात जायचास. दुकानदार इंग्रजीत विचारी, तू बोट दाखवायचास. रविवारी आपण बसायचो. आठवडाभर शाळेत मी जेवढे शब्द बोलत नसे, तेवढे एका दुपारी तुझ्या बाकावर बोलायची. दर वेळी शेवटचा तुकडा माझ्या हातात यायचा, आणि दर वेळी तो थोडा वाकडा बसायचा.

त्याच वर्षी धाकू नाखवाची होडी पाण्यात गेली. तू सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या भरतीला. होड्यांच्या बाबतीत तू कधी एक दिवस चुकला नाहीस. नाखवाच्या म्हाताऱ्या आईला चौघांनी धरून आणलं, तिच्या हातात हातोडी दिली आणि तिने शेवटचा खिळा मारला. तीन घाव घातले, तिन्ही तिरके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, आणि गर्दी पांगल्यावर तू तो खिळा गुपचूप सरळ केलास. मला तो पूजेचाच भाग वाटला. हळद-कुंकू लावतात, तसा खिळा मारतात.

आता पाचवं विमान.

ते चार पंख्यांचं मोठं प्रवासी विमान होतं. दोन चाकं पंखांखाली, एक पुढे नाकाखाली. त्या रविवारी ओहोटी लवकर होती, म्हणून लाँच तीनला सुटणार होती, आणि संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला मला बोलावलं होतं. मला कोणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ. पांढरा फ्रॉक पिशवीत घडी करून आणला होता, धक्क्यावरून परस्पर जायचं म्हणून. तू पोटाचे दोन भाग हातात घेऊन बसला होतास आणि मी वाचत होते. सातवी पायरी झाली. आठवी तीन ओळींची होती, त्यात एक शब्द मला अडला, आणि घड्याळ दिसत होतं. मी सातवीनंतर एकदम नववी वाचली. पोट बंद करा. तू बंद केलंस, सुतळीने बांधलंस, आणि मी पळाले.

पुढच्या रविवारी आले तर विमान बाकावर शेपटी टेकून बसलं होतं, नाक आणि पुढचं चाक वर, दारातल्या कुत्र्यासारखं. तू दोन बोटांनी नाक खाली दाबायचास, सोडलं की ते पुन्हा बसायचं. धाकू नाखवा डागडुजीला आला होता. त्याला आयता विषय मिळाला.

"मिस्त्री, तुमचा इमान मागं बसला. आमची होरी तरी समुद्रात नीट बसंल ना?"

आजूबाजूची माणसं हसली. तूही हसलास. होडी बांधणाऱ्याला याहून वाईट बोल नाही, हे तेव्हाही मला कळत होतं. मग तू माझ्याकडे वळलास. "बाय, कागदात भाराचा काय लिवलाय का?"

मी कागद उघडला. आठवी पायरी तिथेच होती. पोट बंद करण्याआधी नाकात भार भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. अडलेला शब्दही आता समजला.

"नाही," मी म्हणाले.

"मंग माझाच कायतरी चुकला असंल," तू नाखवाला म्हणालास.

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकते आहे.

तू दुसऱ्या कोणाकडून कागद वाचून घेशील, अशी मला भीती वाटली. उरणच्या शाळेत जाणारी मुलं होतीच. निघताना मी तो घडी करून भूगोलाच्या ॲटलासमधे घातला आणि मुंबईला घेऊन गेले. पुढच्या रविवारी परीक्षा तोंडावर होती. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हती, पण मी होती म्हणाले. मग कॉलेज, टायपिंगचा क्लास, नोकरी. कारणं आपोआप मिळत गेली. मोऱ्याला यायचे ते होळीला आणि नारळी पौर्णिमेला, घर माणसांनी भरलेलं असताना.

तू विमानं आणत राहिलास. ती पुरी मात्र होईनात. आईकडून बातम्या यायच्या. "दादाचं आणखी एक अर्धवट. तू जात नाहीस, वाचणार कोण त्याला?" मामी तर आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवायची. "बगा, आमची गोदी. एकाला शेपूट नाय, एकाला पंखा नाय, एकाला डोलाच नाय." लोक हसायचे. मी सणाला आले की त्या कपाटाकडे पाठ करून बसायची. तरी मोजायची. पाच झाली, सहा झाली, शेवटी नऊ. पहिल्या फळीवर ते प्रवासी विमान होतं. त्याचं पुढचं चाक काढलेलं होतं आणि ते नाक टेकून पडलं होतं. मला वाटलं, वैतागून तूच उपटलं असशील. एवढी शिकलेली मी, पण शेपटीवर बसणारं विमान आता नाकावर का पडलंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. अपराधी माणूस नीट बघत नाही, बघितल्यासारखं करतो.

तुला दम लागायला लागला तसे माझे रविवार परत सुरू झाले. दर वेळी लाँचमधे मी वाक्य जुळवत यायची. मामा, त्या कागदात लिहिलं होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. तुझ्याजवळ बसले की तोंडातून निघायचं, "आज बरं वाटतंय का?" शेवटच्या रविवारी तू कपाटाकडे बोट केलंस. मी घाबरून म्हणाले, "नंतर बघू, मामा. आता बोलू नकोस." तू मान हलवलीस. एक श्वास घेतलास, दुसरा घेतलास, आणि म्हणालास, "घाई नाय."

मला वाटलं, तू मला तारीख वाढवून दिलीस. मंगळवारी तू गेलास.

दहाव्याला किनाऱ्यावर सगळे जमले. बायका मागे उभ्या होत्या, त्यांच्याही मागे मी. पिंड मांडायला घेतले तेव्हा धाकू नाखवा मोठ्याने म्हणाला, "कावला काय येवर्‍यात शिवत नाय. मिस्त्री नऊ इमाना अर्धी टाकून गेलाय. जीव कपाटात अरकला असंल. दुपार होनार, बगा."

"नाखवा, गप बसा," मामी म्हणाली, पण तीही किंचित हसली.

मी हसले नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, पिंडाला कावळा शिवण्यावर माझा विश्वास नाही, असं मी ऑफिसमधे ठामपणे सांगितलं असतं. तिथे, त्या वाळूत, मी आभाळात कावळे शोधत होते. कावळा आला नाही तर लोक एकेक वचन देणार. बायकोला सांभाळू, अमुक करू, तमुक करू. आणि तरीही नाही आला तर मला पुढे व्हावं लागणार, आणि एवढ्या माणसांदेखत तो शब्द परत घ्यावा लागणार. मी मनात वाक्य जुळवलं. पहिला शब्द ओठांवर आणून ठेवला.

तुला मुलगा नव्हता, म्हणून पुढे झालेले माझे बाबा पिंड ठेवून दोन पावलं मागे सरकले असतील नसतील, तोच एक कावळा कुणाच्या तरी डोलकाठीवरून सरळ खाली आला आणि भात उचलून गेला. माणसं अजून नीट उभीही राहिली नव्हती.

"च्यायला," नाखवा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "टायमाला पक्का मिस्त्री. मेल्यावर पन पक्का."

मी सुटले. ओठांवरचा शब्द मी गिळला. आणि घरी चालत येताना टोचणी लागली. तुझं काहीच कसं राहिलं नाही? नऊ विमानं, एक खोटं, आणि तुला एका कावळ्याएवढाही उशीर नाही?

बारावं झालं, माणसं गेली, तेव्हा मी मामीला सांगितलं. सगळं सांगितलं, पांढऱ्या फ्रॉकपासून. ती सुकट निवडत होती, निवडतच राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "कागद तू नेलास त्यो त्याला म्हाईत होता."

"कसं?"

"पोर पुस्तकात कागद घालताना चोरासारखी बगत व्हती, असा सांगं त्यो. मी बोलले, अवो मंग मागा की परत. तं बोलं, कागद कशाला? भार कुठं पायजे त्यो कागद नाय सांगत. होरी सांगते."

"मग मला बोलला का नाही?"

"बोललो तर पोर लाजंल, मंग येयाची नाय, सांगं."

"पण मी तशीही आले नाही, मामी."

"तेच! मी पन तेच बोलले त्याला." मामी हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. "तं बोलला, येल. घाई नाय."

मी विचारलं, मग बाकीची आठ त्याने कशी जोडली, वाचायला कोणी नसताना?

"चित्रां हायत, आकरं हायत. त्याला काय लागते वाचाला?"

"मग मला कशाला वाचायला लावायचा?"

"त्याला बरा वाटं. काम करताना कानावर आवाज पायजे. तवा आमच्याकरं रेडिओ नव्हता." मग जरा विचार करून म्हणाली, "तू येयाची बंद झालीस, मंग रेडिओ घेतला."

मामा, हे ऐकून माझा अभिमान दुखावायला हवा होता. नऊ वर्षं मी समजत होते की माझ्यावाचून तुझे हात अडलेत, तू कागद मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसलायस. आणि तू रेडिओ ऐकत मजेत आठ विमानं जोडत होतास. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. तुझं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. काही बिघडलं नव्हतं. सुकट निवडणाऱ्या मामीसमोर बसून मी हसत सुटले, आणि मग रडले. दोन्ही एकदम येतात, हे मला नवीनच कळलं.

"मग अर्धवट का ठेवली ती?" मी विचारलं.

मामी माझ्याकडे बघत राहिली, मी काही फार खुळ्यासारखं बोलल्यागत.

"अर्धी कोन बोलतो?"

"तूच. सगळ्यांना दाखवायचीस, याला शेपूट नाही, त्याला पंखा नाही."

"तं काय, थट्टा कराची नाय नवऱ्याची?" ती उठली. कपाट उघडलं आणि एकेक विमान माझ्या मांडीवर ठेवत गेली. प्रत्येकाच्या पोटाला दोऱ्याने काडेपेटी बांधलेली होती. "शेवटचा खिला सुतार मारतो काय कवा? ज्याची होरी त्याच्या घरच्यानं माराचा. सुतारानं मारला तं होरी सुताराचीच ऱ्हाते. येवरं म्हाईत नाय तुला? नाखवाच्या म्हातारीनं मारला तवा तू व्हतीस की हितं."

होते. टाळ्याही वाजवल्या होत्या.

काडेपेट्या उघडल्या. एकीत शेपूट, एकीत पंखा, एकीत काचेची टोपी. आठ तुकडे, एकही हरवलेला नाही, कानशीने कडा घासून साफ केलेले. सगळं काम तू संपवलं होतंस. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या भरतीला, नेहमीसारखं. राहिलेलं काम सुताराचं नव्हतंच, मालकाचं होतं. आणि मालक कपाटाकडे पाठ करून बसला होता.

नववी काडेपेटी प्रवासी विमानाची. आत पुढचं चाक. ते जिथे बसतं तिथून तू नाकाला भोक पाडलं होतंस, जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आत भरल्या होत्यास, आणि वर डांबर. भोक इतकं नेमकं, की चाक लागल्यावर ते दिसणारही नव्हतं. नाखवाला तू हे दाखवलंस का, मी मामीला विचारलं. नाही म्हणे. चाक लागल्याशिवाय काय दाखवायचं?

म्हणजे चाक लावून, विमान उभं करून, नाखवाचं तोंड बंद करणं नऊ वर्षं तुझ्या हातात होतं. ते तू माझ्यासाठी ठेवलंस. याबद्दल आभार कसे मानतात ते मला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. मला नोकरी लागली तेव्हा साहेबाने एक पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. खोलीत चार माणसं होती. मी डोळ्यांपुढे नाखवा आणला, उन्हात, विडी ओढणारा, आणि त्याला ऐकू जाईल असं वाचलं. तेही तुला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

काल रविवार होता. मी मोऱ्याला आले ती ॲटलास घेऊन, आणि डिंकाची नवी नळी. तुझ्या बाकावर अजून भुसा आहे, मामीने झाडलेला नाही. मी विमान पुढे ठेवलं, घडीवर पिवळा पडलेला कागद उघडला आणि आठवी पायरी वाचली. आधी इंग्रजीत, मग आपल्यात. पोट बंद करण्याआधी नाकात भार भरा.

"मोठ्यानं वाच गो!" मामी चुलीपासून ओरडली. "आत काय ऐकू येत नाय."

मी मोठ्याने वाचलं. किनाऱ्यावर जाळं शिवणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. समजू दे त्यांना काय समजायचं ते.

मग चाक लावलं. वाकडं बसलं. सरळ करायला तू नाहीस, म्हणून मी ते तसंच धरून ठेवलं, डिंक वाळेपर्यंत. बाकीची आठही आजच लावते, असं मी मामीला म्हटलं होतं. तिने साफ नाही म्हटलं. "एका रविवारी एकच. नाय तं तू येयाची बंद होशील." काडेपेट्या तिने परत कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली.

विमान निळं आहे, मामा, पोटाला लाल, खिडक्यांवरून पांढरी पट्टी. कागदावर चंदेरी म्हटलंय. आपलं भांडण चालूच राहील.

मी ते बाकावर ठेवलं आणि हात काढला. शेपटी क्षणभर खाली जातेशी वाटली. मग नाक हळूच झुकलं, वाकडं चाक फळीला टेकलं, आणि ते तिथेच राहिलं.

"उबा ऱ्हायला काय?" मामीने आतून विचारलं.

"ऱ्हायला," मी ओरडून सांगितलं, पार नाखवाला ऐकू जाईल असं.